रोपाचा निकाल खड्ड्याआधीच

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाचे बेत ठरतात. राज्य शासनाने २०१९ मध्ये तर तब्बल ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. मात्र रोप जगणार की नाही, हे पुष्कळदा ते खड्ड्यात जाण्यापूर्वीच ठरलेले असते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस कोसळत असताना पारनेर, कर्जत, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेत कोरडे राहतात. येथे जूनच्या सरींनंतर पाऊस अनेकदा दीर्घ उघडीप देतो. त्या उघडिपीत तग धरील असे रोप आधीच तयार करावे लागते.

रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली, रोजच्या पाण्यावर वाढलेले रोप टवटवीत दिसले तरी नाजूक असते. ते थेट माळावर नेल्यास पाने करपतात. त्यासाठी लागवडीपूर्वी तीन-चार आठवडे रोपे टप्प्याटप्प्याने उन्हात आणावीत आणि दोन पाण्यांमधील अंतर वाढवत न्यावे. पिशवीतून जमिनीत शिरलेली मुळेही याच काळात पिशव्या हलवून तोडावीत. लागवडीच्या दिवशी ती तुटल्यास रोपाला धक्का बसतो. निवडताना उंचीला भुलू नये. जाड, सरळ खोडाचे रोप घ्यावे. तळाशी मुळांची वेटोळी झालेले टाळावे.

वाहतुकीच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावे. रोप खोडाला धरून उचलू नये, पिशवीला आधार द्यावा. उघड्या वाहनातील वारा पानांतील ओलावा शोषून घेतो, म्हणून गाडीला कापड बांधावे. गावात पोहोचल्यावर रोपे सावलीत उभी, एकमेकांना खेटून ठेवावीत. उन्हात काळी पिशवी तापते आणि आतली कोवळी मुळे भाजतात, म्हणून कडेच्या पिशव्यांना मातीची भर द्यावी. लावताना पिशवी कापून काढावी. मातीचा गोळा मात्र फुटू देऊ नये.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने १९९० च्या दशकात श्रमदानाबरोबरच कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली. तेथील डोंगर पुन्हा हिरवे झाले, त्यात या निर्बंधांचा वाटा मोठा आहे. किती रोपे आणायची, हा प्रश्न नंतरचा. ती कोण राखणार, हे आधी ठरायला हवे.