ताज्या भाजीचे सत्त्व ताटापर्यंत

पुरंदरची अंजिरे, नागपूरची संत्री, जालन्याची मोसंबी, नाशिकचे टोमॅटो व द्राक्षे यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. भाजीपाला व फळे पिकविण्यात आपला शेतकरी कोणाच्या मागे नाही. परंतु ज्या घरातून भाजीच्या पाट्या पहाटे बाजारास जातात, त्याच घरच्या ताटात दुपारी पुष्कळदा भाकरी, पिठले आणि चटणी एवढेच आढळते. चांगला माल विक्रीस व उरलासुरला घरास, अशी रीतच पडून गेली आहे. घरात भाजी शिजते तेव्हाही तिच्यातील पोषक सत्त्वांचा मोठा भाग कित्येकदा मोरीत ओतला जातो.

या गोष्टीचे मोल लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. तथापि आहारातील लोहाची उणीव हे त्यांतील प्रमुख कारण होय. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत. बाजारातून विकत घेऊन हे प्रमाण गाठणे अनेकांस जड जाते. शेतकरी कुटुंबास मात्र त्यातील बराच भाग स्वतःच्या जमिनीतून मिळविता येतो.

घरचा वाटा आधी

पहिली गोष्ट म्हणजे तोडणीच्या वेळीच घरचा वाटा बाजूस काढावा. विक्रीनंतर उरेल ते घरी, हा क्रम बदलावा. मेथी, शेपू, चुका, चाकवत, अंबाडी, राजगिरा यांचे दोन-दोन वाफे परसात आलटून पालटून पेरल्यास भाजीत खंड पडत नाही. बांधावर शेवग्याची दोन झाडे आणि मोरीच्या सांडपाण्यावर केळी व अळू सहज येतात.

जे आपण टाकून देतो त्याकडेही पाहावे. मुळा, नवलकोल व फुलकोबी यांचा कोवळा पाला उत्तम भाजी होय. हरभऱ्याचे पीक साधारण महिन्याचे झाले की शेंडे खुडल्याने झाडास फांद्या अधिक फुटतात. म्हणजे पिकाचेही हित होते आणि घरास भाजीही मिळते. मात्र फुले धरू लागल्यावर खुडणी करू नये. पिकावर औषध फवारले असल्यास डब्यावर लिहिलेला प्रतीक्षा काळ संपेपर्यंत त्यावरील पाला, भाजी किंवा फळ घरी वापरू नये आणि बाजारासही पाठवू नये.

तोडणी, धुणे व चिरणे

पालेभाजी तोडल्या क्षणापासून तिच्यातील 'क' जीवनसत्त्व घटू लागते. ऊन व उष्णता यांमुळे हा ऱ्हास वेगाने होतो. म्हणून भाजी सकाळी उन्हापूर्वी खुडावी, ओलसर फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावी.

भाजी आधी धुवावी व मग चिरावी. चिरलेली भाजी धुतल्यास 'क' आणि 'ब' गटातील जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात. पावसाळ्यात पाल्यास माती व अळ्या चिकटलेल्या असतात. तेव्हा पाने मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवावीत व नंतर दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढावीत. फोडी फार बारीक करू नयेत आणि चिरलेली भाजी उघडी ठेवू नये. दुधी, गाजर, काकडी यांची साल जाड काढण्याचे कारण नाही.

शिजविण्याची रीत

भाजी उकळून पाणी टाकून देणे ही सर्वांत महागडी सवय होय. भाजीस लागेल तेवढेच पाणी घालावे, ते उकळल्यावर भाजी टाकावी, झाकण ठेवावे आणि मऊ होताच उतरवावी. उरलेले पाणी आमटीत किंवा पीठ मळण्यास वापरावे. रंग हिरवा राहावा म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची प्रथा सोडून द्यावी. सोड्यामुळे जीवनसत्त्वांचा नाश होतो. वरचेवर गरम केलेली भाजी पोट भरते, परंतु तिचे सत्त्व उणावलेले असते.

गर्द हिरव्या पाल्यात, तसेच लाल भोपळा व गाजर यांत कॅरोटीन असते. त्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनविते व ते डोळ्यांस हितकर असते. परंतु कॅरोटीन अंगी लागण्यास थोडा स्निग्धांश हवा. म्हणून चमचाभर तेलाची फोडणी ही केवळ चवीची बाब नव्हे.

पाल्यातील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्यास 'क' जीवनसत्त्वाची जोड लागते. लिंबाचा रस भाजी उतरवल्यावर पिळावा, कारण उकळीत त्यातील सत्त्व नासते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास लोहाच्या शोषणास अडथळा येतो. चहा तासाभराने घ्यावा. लोखंडी कढईत शिजविल्याने अन्नातील लोह वाढते. मात्र शिजलेली भाजी कढईत न ठेवता लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

दोन सोप्या कृती

*शेवग्याच्या पाल्याची भाजी :* शेवग्याचा कोवळा पाला डहाळीसह धुऊन मग ओरबाडावा. चार वाट्या पाल्यास पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजत घालावी. लोखंडी कढईत दोन चहाचे चमचे तेल तापवून मोहरी, ठेचलेला लसूण व हिरव्या मिरच्या टाकाव्यात. डाळ थोड्या पाण्यात अर्धवट शिजली की पाला व मीठ घालून झाकण ठेवावे. आठ-दहा मिनिटांत भाजी तयार होते. उतरवून भांड्यात काढावी, शेंगदाण्याचे कूट पेरावे आणि लिंबू पिळावे.

*घोळाणा :* विदर्भ व मराठवाड्यातील हा जुना प्रकार चुलीवाचून होतो. मेथीची किंवा हरभऱ्याची कोवळी पाने नीट धुऊन चिरावीत. त्यांत चिरलेला कांदा, शेंगदाण्याचे कूट, तिखट, मीठ व कच्चे तेल कालवून ज्वारीच्या भाकरीबरोबर खावे. पाला कच्चाच असल्याने धुण्यात हयगय होऊ देऊ नये.

फळांविषयी

महागडी फळेच पौष्टिक असतात ही समजूत बरोबर नाही. पेरूत संत्र्याच्या सुमारे चौपट 'क' जीवनसत्त्व असते आणि आवळाही त्यात मागे नाही. घरामागची पपई पिकली की मुलांस कॅरोटीन मिळते. फळे रस काढून गाळण्यापेक्षा चावून खावीत, म्हणजे त्यातील चोथाही पोटात जातो. सहा महिने पूर्ण झालेल्या बालकास आईच्या दुधाबरोबर पिकलेले केळे कुस्करून, तसेच शिजवून मऊ केलेला भोपळा व पालेभाजी वरणात घोटून द्यावी.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ज्यांस रक्तक्षय झाला आहे, विशेषतः गरोदर स्त्रियांनी, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या भाजीच्या भरवशावर बंद करू नयेत. आहार हा त्या उपचाराचा सोबती आहे, पर्याय नव्हे.

यातील बहुतेक उपायांस पैसा लागत नाही. लागते ती थोडी दक्षता, आणि ती एकट्या गृहिणीने बाळगून भागणार नाही. पाटी भरताना घरच्या दोन जुड्या बाजूस ठेवणे हे शेतकऱ्याच्या हाती आहे, तर जेवणात भाजीचा वाटा सर्वांस सारखा वाढला जाईल हे पाहणे साऱ्या कुटुंबाचे काम आहे. घरची स्त्री सर्वांमागून जेवते तेव्हा भाजीचे भांडे बहुधा रिकामे झालेले असते, आणि रक्तक्षय तिलाच अधिक गाठतो. तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, येत्या हंगामात पेरणीचा विचार करताना परसातील दोन वाफ्यांचाही विचार अवश्य करावा, आणि त्यांतील पहिली जुडी आपल्याच चुलीकडे न्यावी.