समुपदेशनातील उपदेश

मराठीच्या प्राध्यापकाने एच.आय.व्ही.च्या औषधांविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. निमित्त झाले एका माहितीपत्रकाचे. निपाणी भागात एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या स्त्रियांच्या एका गटासाठी सिद्ध झालेल्या त्या पत्रकाचे मराठी तपासण्यासाठी मजकडे आले. ‘औषधसातत्य राखावे’ हे माझे वाक्य त्या स्त्रियांनी खोडले व ‘गोळी चुकवायची नाही’ असे घातले. दुरुस्ती योग्य होती.

१ एप्रिल २००४ पासून भारतात ही औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. आरंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही होती. आज बहुतेकांना तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते. ती वारंवार चुकली की विषाणू पुन्हा वाढतो आणि पुढे त्याच औषधाला जुमानीनासा होतो. नियमाने घेतली, तर चाचणीत सापडू नये इतका तो क्षीण होतो. अशा स्त्रीकडून शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही.

मग गोळी चुकते का? विसराळूपणा हे कारण त्यामानाने किरकोळ. विड्या वळणाऱ्या बाईने केंद्रावर जाण्यासाठी खाडा केला, की त्या दिवसाची मजुरी बुडते. संसर्ग पतीकडून झालेला असला, तरी घरात बोल तिलाच लागतो; सासूच्या देखत गोळी घ्यायची कशी? गटाच्या कार्यकर्तीने मला काही गोष्टी सांगितल्या. (नावे तिने सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत.) डबी खुळखुळते, म्हणून एकीने तीत कापूस भरला. दुसरीने वेळ बांधली ती रात्रीच्या मालिकेच्या शीर्षकगीताशी. या युक्त्या कोणत्या वैद्याने सांगितल्या असत्या?

‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ दडला आहे. आयुष्य अध्यापनात गेल्यामुळे त्याचा मोह मला चांगलाच ठाऊक आहे. सांगलीत १९९२ साली आरंभ झालेल्या ‘संग्राम’च्या कार्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली आणि निपाणीपर्यंत पोचली, तेथे निरोधाची माहिती देणाऱ्या स्त्रिया त्याच व्यवसायातील होत्या. सांगणारी आणि ऐकणारी एकाच वस्तीतली असली, की उपदेश आपोआप गळतो.

धोका मात्र आहे. लहान गावात गटाची बातमी फुटली, तर बाईचे घर सुटते. २०१७ चा कायदा संमतीवाचून कोणाची बाधा उघड करण्यास मनाई करतो. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. पण शेजारणीच्या तोंडाला कायद्याचे कुलूप कोण घालणार? म्हणून गटात पहिली शपथ मौनाची असते, ती मराठीत आणि कानडीतही.

पत्रकाच्या नव्या प्रतीत कापसाची ओळ आली आहे. तिचे व्याकरण मी तपासलेले नाही.