स्थळ पाहावे तसे कॉलेज

पूर्वी मुलीसाठी स्थळ पाहायला गेलेली वडील माणसे वाड्याचा दिंडीदरवाजा पाहून भुलत नसत. घरात माणसे कशी आहेत, परसातल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते का, हे पाहूनच ती परतत. लेकीसाठी अमेरिकेतले छोटे कॉलेज पाहायला निघालेल्या आईबापांनी ही चिकित्सा बरोबर न्यावी.

आम्ही लेकीसह पाहिली ती तीन कॉलेजे फिलाडेल्फियाजवळची. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या याच शहरात. त्याच्या आदल्या वर्षी तेथून जवळच ब्रिन मॉर हे मुलींचे कॉलेज सुरू झाले. शेजारचे हॅवरफर्ड १८३३ चे. तेथे पदवीसाठी मुलींना सर्रास प्रवेश मिळायला १९८० साल उजाडले. स्वॉर्थमोर १८६४ चे, मुलामुलींचे एकत्र शिक्षण पहिल्यापासून. तिन्ही क्वेकर पंथीयांनी काढलेली. प्रत्येकात पदवीचे विद्यार्थी दीड हजाराच्या आसपास. पदार्थविज्ञान शिकणाऱ्याने ग्रीकही शिकावे, अशी येथली रीत.

वाटाड्या विद्यार्थी आपल्याकडे तोंड करून, उलट्या पावली चालत सारे दाखवतो. हिरवळ, दगडी इमारती, जुने वृक्ष तिन्हीकडे सुरेखच. एका कॉलेजात नाव घालून दुसऱ्यातले विषयही घेता येतात. मग निवड करायची कशावरून? स्वभावावरून! हॅवरफर्डमध्ये परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. विद्यार्थ्यांच्या शब्दावर सारी भिस्त. स्वॉर्थमोरमध्ये १९२२ पासून ऑनर्सच्या विद्यार्थ्यांची परीक्षा बाहेरचे विद्वान येऊन घेतात. एकीला पहिले मानवेल, दुसरीला दुसरे.

म्हणून आधी कळवून एखाद्या तासाला बसायची परवानगी मिळवावी. प्राध्यापक किती मुलांना नावाने हाक मारतात, ते मोजावे. हजेरी घेता घेताच ज्याचा निम्मा तास सरतो, अशा माझ्यासारख्या मास्तराला त्या हाकेचे मोल विचारा! छोट्या कॉलेजचा सारा महिमा त्या एका हाकेत आहे.

आता विहिरीचे पाणी, म्हणजे पैसा. वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरांच्या पुढे जातो. मदत मिळते, पण काही कॉलेजांत परदेशी मुलाने मदत मागितली, तर प्रवेश देताना तेही विचारात घेतले जाते. मदत किती, ती चारही वर्षे टिकेल का, तिच्यात कर्जाचा भाग आहे का, हे तीन प्रश्न बिनदिक्कत विचारावेत. भिडेपोटी गप्प बसण्याची ही जागा नव्हे.

आणि एक पथ्य. तासभर तरी मुलीला एकटी सोडावे. खानावळीत तिने तेथल्या मुलींशी बोलावे, हवे ते विचारावे. आपण बाकावर बसून खारी पाहाव्यात. संध्याकाळी आपले मत सांगण्याआधी तिचे ऐकावे. स्थळ आपण पाहिले, तरी चार वर्षे नांदायचे आहे ते तिला.