जुन्या दुखण्याचा नवा पत्ता

घोळणा फुटणे हा आपल्या घरोघरी चालणारा शब्दप्रयोग. नाकातून रक्त आले की आजी डोक्यावर गार पाणी थापी, कुणी फोडलेला कांदा हुंगायला देई आणि दोष उन्हाळ्याच्या माथी मारून सारे मोकळे होत. बहुतेक वेळा हा निकाल बरोबरच असतो. नाकाच्या पडद्यावरची बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग १० मिनिटे दाबून धरला की रक्त थांबते.

परंतु हडपसरपलीकडे मांजरीला आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध बागाईतदारांचा घोळणा काही थांबेना. रक्त येई ते एकाच नाकपुडीतून. मी विचारले, तर म्हणाले, "सर, उष्णता आहे हो! गुलकंद चालू केलाय." पुढे त्या बाजूचा गाल सुजला, तेव्हा त्यांना डॉक्टरांकडे नेले. "पूर्वी काही मोठा आजार?" या प्रश्नावर घरच्यांनी नकारार्थी माना हलविल्या. १० वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांचे एक मूत्रपिंड काढले होते. पण त्याचा नाकाशी संबंध काय, असे त्यांना वाटले. अखेर सूनबाईंनीच जुने कागद पुढे ठेवले.

संबंध होता! नाकाभोवती, गालाच्या व कपाळाच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. दुसऱ्या अवयवातला कर्करोग तेथे पोहोचणे दुर्मिळ. पण पोहोचला, तर तो बहुधा मूत्रपिंडाचा असतो, आणि कधी कधी कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. १९४० मध्ये बॅटसन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने दाखविले, की कण्याभोवतीच्या शिरांना झडपा नसल्याने त्यांतले रक्त उलटही वाहू शकते. फुप्फुसांची गाळणी चुकवून पेशी डोक्याकडे जाण्याची ही एक वाट मानतात. अशा गाठीत रक्तवाहिन्या दाट असतात. तपासणीसाठी तुकडा काढतानाही फार रक्त जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांना पूर्वकल्पना हवी.

नवल असे, की पेशी गाव सोडते, पण बोली सोडत नाही. गालात शिरलेली मूत्रपिंडाची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली आपले मूळ सांगते. १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी पेशी वाचण्याची ही विद्या रुजविली.

आमच्या शेजाऱ्यांना किरणोपचार मिळाले, रक्त थांबले, गोळ्या सुरू झाल्या. रोग समूळ गेला नाही. पण त्यानंतरच्या दोन दिवाळ्या त्यांनी आपल्या ओसरीवर नातवंडांत काढल्या.

वाचकहो, प्रत्येक घोळण्याला घाबरू नका. मात्र प्रौढ माणसाच्या एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल, नाक एकाच बाजूने चोंदत असेल, गाल सुजला असेल किंवा एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या असतील, तर गुलकंदावर दिवस घालवू नका. आणि डॉक्टरांपाशी जुने दुखणे लपवू नका. दिवाळीच्या आवराआवरीत जुने कागद रद्दीत जातात. रुग्णालयाचे तेवढे बाजूला काढून ठेवा.