विश्लेषण : घाटात क्लचचा वास आला, लगेच प्लेट बदलायची का?

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाटात किंवा धुळ्याजवळ लळिंग घाटात वाहतूक अडली, की गाडी मागे सरकू नये म्हणून अनेक जण हाफ क्लचवर उभे राहतात. थोड्या वेळात जळका वास येतो. एरवी फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटमध्ये घट्ट दाबलेली क्लच प्लेट अशा वेळी घसरत राहते, तापते, झिजते. गाडी सुरक्षित जागी घेऊन थंड होऊ द्या. नंतर वास नसेल, ओढ पूर्ववत असेल, तर गॅरेजवाल्याने सांगितले म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नका.

इंजिनचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही? प्लेट घसरते आहे. मात्र केबल फार ताणलेली असली तरी हेच होते, त्यामुळे आधी ती पाहा. गिअर करकरत पडत असेल तर दोष उलटा : क्लच पूर्ण सुटत नाही. केबल ढिली आहे का, हायड्रॉलिक क्लच असेल तर फ्लुइड कमी झाले का, हे तपासा. काम थोडक्यात भागू शकते. पेडल दाबताच घरघर आली, तर संशय रिलीज बेअरिंगवर.

प्लेट झिजलीच असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरी तिथेच लागते. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग एकदमच बदललेले परवडते. इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल गळते का, तेही तेव्हाच बघून घ्या. ऑइल लागले की नवी प्लेटही घसरते.

आणि चढावर पुन्हा थांबावे लागले, तर क्लचवर नाही, हँडब्रेकवर थांबा.