‘एकही अपघात नाही’ म्हणजे नेमकं किती सेफ?

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं आणि पुढचे काही आठवडे आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता: आता तिकीट कुठल्या एअरलाइनचं काढायचं? कोणीतरी सेफ्टी रेटिंगचा स्क्रीनशॉट टाकायचं, कोणी लिहायचं, “यांचा आजवर एकही अपघात नाही,” आणि विषय तिथेच मिटायचा. मला मात्र तो ‘एकही नाही’ खटकत राहिला.

प्ले स्टोअरवर एका ॲपला ५ स्टार आहेत, पण रिव्ह्यू फक्त तीन. दुसऱ्याला ४.४ स्टार आणि रिव्ह्यू दोन लाख. तुम्ही कुठलं डाउनलोड कराल? स्टारसोबत रिव्ह्यू किती आहेत हे आपण न सांगता बघतो. एअरलाइनच्या बाबतीत नेमकं तेच राहून जातं. तिथे रिव्ह्यूंच्या जागी असतात एकूण उड्डाणं.

स्टॅटिस्टिक्समध्ये यासाठी ‘रूल ऑफ थ्री’ नावाचा सोपा नियम आहे. एखादी गोष्ट अनेकदा केली आणि वाईट एकदाही घडलं नाही, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की धोका ‘३ भागिले एकूण वेळा’ याहून कमी आहे. समजा एक कंपनी रोज १०० उड्डाणं करते आणि १० वर्षांत अपघात शून्य. एकूण उड्डाणं झाली ३,६५,०००. नियम लावला की उत्तर येतं: धोका साधारण १,२२,००० उड्डाणांत एक, याहून कमी. बास, एवढंच. आता जगाकडे बघा. आयाटा या एअरलाइन्सच्या संघटनेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगभरात पावणेचार कोटींच्या आसपास उड्डाणं झाली आणि जीवघेणा अपघात एकच झाला, नेपाळमधल्या पोखराचा. ते वर्ष जरा जास्तच चांगलं गेलं हे मान्य, पण एरवीही हे प्रमाण दहा लाखांत एकाहून कमीच असतं. म्हणजे आपल्या कंपनीचा दहा वर्षांचा कोरा रेकॉर्ड बघून ती सरासरीपेक्षा चांगली आहे की कितीतरी पट वाईट, हे कळतच नाही.

कॉन्कॉर्डचं असंच झालं. १९७६ पासून २४ वर्षं प्रवासी सेवा, आणि एकाही प्रवाशाचा मृत्यू नाही. मग २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीने टायर फुटला, आग लागली आणि ११३ माणसं गेली. या विमानांची एकूण उड्डाणंच कमी होती, त्यामुळे ‘सर्वात सुरक्षित’ म्हणून मिरवणारं विमान एका दिवसात जेट विमानांच्या यादीत तळाला गेलं. विमान आदल्या दिवशी होतं तेच होतं, आपला आकडा तेवढा बदलला.

उलटंही घडतं. कोरियन एअरचं १९९७ मध्ये ग्वामला विमान पडून २२८ जण मेले. १९९९ मध्ये डेल्टाने त्यांच्याबरोबरचं कोडशेअर थांबवलं. त्यानंतर कंपनीने बाहेरून माणसं आणून ट्रेनिंग बदललं, आणि १९९९ नंतर त्यांचा एकही जीवघेणा अपघात नाही. जुना रेकॉर्ड बघून तिकीट टाळणारा माणूस २००५ मध्ये चुकीच्या कंपनीला घाबरत होता.

आणि घाबरून आपण जातो कशाने? रस्त्याने. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले, दिवसाला ४६० च्या वर. अहमदाबादला विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० गेले. अमेरिकेत ९/११ नंतर लोकांनी विमान सोडून गाडी काढली. गेर्ड गिगेरेंझर या मानसशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार त्यामुळे पुढच्या १२ महिन्यांत रस्त्यावर सुमारे १,५०० जास्तीचे मृत्यू झाले.

मी स्वतः बुकिंगआधी, विशेषतः परदेशातली अनोळखी एअरलाइन असेल तर, फोनवर दोनच गोष्टी बघतो. एक, युरोपियन युनियनने बंदी घातलेल्यांच्या यादीत ती आहे का. दोन, आयाटाच्या आयोसा ऑडिटच्या यादीत ती आहे का. दोन्ही फुकट बघता येतात. त्यात अपघात मोजत नाहीत. देखभाल, ट्रेनिंग, त्या देशाचा नियामक किती जागा आहे, असल्या कंटाळवाण्या गोष्टी तपासतात. नियामकाचं महत्त्व आपल्याला २०१४ मध्ये कळलं: अमेरिकेने डीजीसीएच्या देखरेखीत त्रुटी काढून भारताची श्रेणी खाली आणली आणि २०१५ मध्ये ती परत मिळेपर्यंत आपल्या एअरलाइन्सना तिकडे नवीन फ्लाइट सुरू करता येत नव्हत्या.

राहिल्या ‘विमान अर्ध्या वाटेतून परतलं’ छापाच्या बातम्या. मोठ्या अपघातानंतर त्या रोज दिसायला लागतात, कारण तेव्हा त्यांच्यावर क्लिक होतात. माझ्या धंद्यात ज्या प्रोजेक्टच्या ट्रॅकरवर एकही बग नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटते. बग नाहीत असं नसतं, ते कोणी लिहीत नसतं. लँडिंग नीट जमत नाहीये असं दिसल्यावर पायलट विमान पुन्हा वर उचलतो, त्याला गो-अराउंड म्हणतात. खिडकीतून ते भयंकर वाटतं, व्हिडिओही व्हायरल होतो. पायलटला मात्र हे सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करायला लावलेलं असतं.