गीते वेचणारी व्हिओलेता

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला बिलगून चिली नावाचा एक चिंचोळा देश पसरलेला आहे. त्याची लांबी ४,००० किलोमीटरांहून अधिक. पण रुंदी सरासरीने २०० किलोमीटरसुद्धा भरत नाही. एका अंगास प्रशांत महासागर आणि दुसऱ्या अंगास अँडीज पर्वताची उत्तुंग भिंत. या दोहोंमधल्या खोऱ्यांत वसलेल्या खेड्यांतून शेतकरी आणि मोलमजुरी करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या गीते गात आली होती. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र ही गीते लोपण्याच्या मार्गाला लागली. शहरांत आणि रेडिओवर परदेशी चालींचे राज्य होते आणि खेड्यांतील गाणे म्हणजे अडाण्यांचे गाणे, असे सुशिक्षितांना वाटे. अशा काळी ती गीते वेचून ठेवण्याचे काम जिने अंगावर घेतले, तिचे नाव व्हिओलेता पार्रा.

व्हिओलेताचा जन्म ४ ऑक्टोबर १९१७ रोजी चिलीच्या न्युब्ले प्रांतात झाला. वडील प्राथमिक शाळेत संगीत शिकवीत. आई शिवणकाम करी आणि गिटारीवर खेड्यातली गाणी गाई. भावंडे पुष्कळ. लहानपणीच व्हिओलेताला देवी आल्या आणि त्यांचे व्रण तिच्या चेहऱ्यावर कायमचे राहिले. पुढे वडिलांची नोकरी गेली आणि काही काळाने ते वारले. तेव्हा ही मुले रस्त्यांवर, खाणावळींतून, सर्कशींतून गाणी म्हणून चार पैसे घरी आणू लागली. थोरला भाऊ निकानोर शिकण्यासाठी सांतियागो या राजधानीच्या शहरी गेला होता. त्याने बहिणीलाही तिकडे नेले. हा निकानोर पुढे चिलीचा नामांकित कवी झाला.

सांतियागोत व्हिओलेता आपल्या हिल्डा या बहिणीसह गुत्त्यांतून आणि उपाहारगृहांतून गाऊ लागली. तिचे लग्न झाले, इसाबेल आणि आन्हेल ही मुले झाली, आणि पुढे तो संसार मोडला. या साऱ्या वर्षांत ती लोकांना रुचतील तीच गाणी गात असे. त्यांत स्पेनमधील गाण्यांचा भरणा मोठा होता. पस्तिशी आली तेव्हा भावाने तिला सुचविले, की आपल्याच मातीतली गाणी शोधावीत. तो सल्ला तिने शिरसावंद्य मानला. १९५३ च्या सुमारास पाठीवर गिटार आणि हातात वही घेऊन ती बाहेर पडली.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. खेड्यातील वृद्ध गायक अनोळखी माणसापुढे तोंड उघडीत नसत. कित्येकांनी वर्षानुवर्षे गाणेच सोडले होते. व्हिओलेता त्यांच्याजवळ बसे, स्वतः एखादे जुने गाणे म्हणे, आणि मग हळूहळू म्हातारबाबांनाही शब्द आठवू लागत. सांतियागोच्या वेशीवर रोसा लोर्का नावाची एक सुईण राही. तिच्याकडून व्हिओलेताला अनेक गीते मिळाली. पुएन्ते आल्तो येथील इसाइयास आंगुलो या वृद्ध गायकाने तिला 'गितार्रोन' या वाद्याचे शिक्षण दिले. हे वाद्य दिसते गिटारीसारखे, पण त्याला तारा पंचवीस! ते वाजविणारे तेव्हा फारच थोडे उरले होते.

त्या गीतांची रचनाही मोठी कौशल्याची असते. प्रथम चार ओळींचे एक कडवे घ्यावयाचे. मग दहा-दहा ओळींची चार कडवी अशी रचावयाची, की पहिल्या कडव्यातील एकेक ओळ क्रमाने प्रत्येकाच्या शेवटी यावी. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, असे शेतकरी ही रचना मुखोद्गत ठेवीत. त्यांची गीते दोन प्रकारची : एक देवादिकांची, दुसरी माणसांच्या सुखदुःखांची. घरातील तान्हे मूल वारले, तर त्याला देवदूतासारखे सजवून रात्रभर त्याच्यापुढे गीते गाण्याची तेथे रीत होती. मूल स्वर्गाला गेले, आईने रडू नये, असा त्या गीतांचा भाव असे.

१९५४ साली व्हिओलेता रेडिओवरून ही गीते गाऊ लागली आणि घरोघरी तिचे नाव झाले. पुढच्याच वर्षी युवक महोत्सवासाठी तिला पोलंडला जाण्याचे निमंत्रण आले. ती वॉर्सा येथे गेली. ती परदेशी असतानाच मागे चिलीत तिची तान्ही मुलगी वारली. इतरांच्या मृत बालकांसाठी गाइली जाणारी जी गीते तिने वेचली होती, त्यांच्याच धर्तीवर स्वतःच्या लेकरासाठी गीत रचण्याची पाळी तिच्यावर आली.

१९५६ च्या अखेरीस ती मायदेशी परतली. आजारपणामुळे अंथरुणाला खिळली असता तिने गोणपाटावर रंगीत लोकरीने चित्रे भरण्यास प्रारंभ केला. चित्रकलेचे शिक्षण तिने कोठेही घेतले नव्हते. सुई मात्र आईकडून आली होती. १९६४ साली पॅरिसमध्ये लूव्र राजवाड्याच्या एका भागात असलेल्या सजावटकलेच्या संग्रहालयात तिच्या या चित्रांचे प्रदर्शन भरले. गोणपाटाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल!

परत आल्यावर १९६५ साली तिने सांतियागोच्या टोकाला, ला रेइना या भागात, सर्कशीसारखा मोठा तंबू ठोकला. तेथे लोककलांची शाळा व्हावी, ही तिची आकांक्षा. परंतु जागा दूर. हिवाळ्यात थंडी आणि चिखल. प्रेक्षक फारसे फिरकत नसत. तिची सर्वांत गाजलेली गीते मात्र याच काळातील आहेत. त्यांपैकी एकात ती डोळे, कान, पाय, शब्द, हसू आणि आसवे दिल्याबद्दल जीवनाचे आभार मानते. ५ फेब्रुवारी १९६७ रोजी त्या तंबूतच तिचा अंत झाला. तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती.

तिच्यानंतर ते आभाराचे गीत अर्जेंटिनाच्या मेर्सेदेस सोसा आणि अमेरिकेच्या जोन बाएझ या गायिकांनी देशोदेशी नेले. तिचा जन्मदिवस चिलीत आता संगीताचा दिवस म्हणून पाळला जातो. तिला स्वरलिपी लिहिता येत नसे. म्हणून तिने जमविलेल्या गीतांच्या चाली गास्तोन सुब्लेत यांनी लिहून काढल्या होत्या. तो संग्रह १९७९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ज्या वृद्धांनी ती गीते सांगितली, त्यांची नावे व हकिकती त्या ग्रंथात गीतांबरोबरच दिलेल्या आहेत, आणि रोसा लोर्का ही सुईणही तेथे भेटते.